होल्ड सोडू का?

आमच्या कारखान्यात अबोला धरायची सोय नाही. खोल्या दोन, मशीन एक, आणि त्याचा आवाज एवढा की साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं. रागावलेल्या माणसाशी ओरडून बोलायला गेलं की पुन्हा भांडणच होतं. तरीही गेल्या सोमवारपासून मी आणि वहिनी एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. नवरा वहिनी म्हणतो म्हणून मीही म्हणते.

आमचं काम लाकडाचं. दारांच्या फळ्यांवर वेली, पानं, पक्षी कोरून द्यायचे. कोरतं ते संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, आणि ते चालवते मी. बाहेरच्या खोलीत वहिनी कोरलेल्या फळ्या पॉलिश पेपरने घासतात. दोघे भाऊ मापं घेत आणि दारं बसवत गावभर हिंडतात. मशीन म्हणजे एक भलं मोठं टेबल. त्यावर फळी आवळून बसवायची. तिच्यावरून आडवा लोखंडी पूल सरकतो, पुलाला मोटर आणि मोटरला कोरणारं बिट. बिट करंगळीहून बारीक, पण फिरतं असं की दिसतच नाही. शेत नांगरावं तसं ते फळीवर एकेक रेघ मारत जात-येत राहतं. मोठ्या फळीला सकाळी लावलं तर हातात यायला संध्याकाळ होते.

इतका वेळ माणूस काही मशीनला चिकटून बसत नाही. त्याला जेवायचं असतं, फळीवर साठलेला भुसा झाडायचा असतो. त्यासाठी होल्ड. पिवळं बटण दाबलं की मशीन असेल तिथे थांबतं, बिट वर उचललं जातं आणि फिरायचं बंद होतं. हिरवं दाबलं की बिट पुन्हा फिरायला लागतं, जिथून उठलं तिथेच खाली बसतं आणि रेघ पुढे सुरू. याला आम्ही होल्ड सोडणं म्हणतो. बटणं आहेत दोन खोल्यांमधल्या दारापाशी, म्हणजे वहिनींच्या हाताशी. मी आत भुसा झाडायची, वहिनी बाहेरून ओरडायच्या, "सोडू का गं?" मी म्हणायची, "सोडा!" दिवसातून किती वेळा, त्याची मोजदाद नाही. संसारात आमच्यात दुसरं काही इतकं सुरळीत चाललं नसेल.

तिसरं बटण तांबडं. ते संकटाचं. ते दाबलं की सगळी वीजच जाते आणि आपण कुठवर आलो होतो ते मशीन साफ विसरतं. मग जागा पुन्हा शोधून द्यावी लागते, आणि कितीही जीव ओतून शोधली तरी केसाएवढा फरक राहतोच. वेलीच्या मधोमध आडवी पायरी उमटते. गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं.

सोमवारी मी बाजारात गेले होते आणि मशीन चालू होतं. वहिनींना धुराचा वास आला. त्यांनी मागचापुढचा विचार न करता तांबडं दाबलं. धूर होता शेजारच्या वेल्डरकडचा. संपत आलेली फळी वाया गेली. मी परत आले तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं, दोघे भाऊ उभे होते, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वहिनी, यापुढे काही झालं तरी तांबड्या बटणाला हात लावायचा नाही. जळून खाक झालं तरी."

वहिनी "बरं" म्हणाल्या. फक्त "बरं". त्यानंतर तोंडाला कुलूप.

वहिनींचा अबोला साधा नसतो. त्या भिंतीशी बोलतात. "चहा झालाय गं भिंती. ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्या." मीही काही कमी नाही. मी चहा घेत असे आणि भिंतीचे आभार मानत असे. दोघे भाऊ मात्र घरात मांजराच्या पावलांनी वावरत होते. कोणाची बाजू घेतली तरी जेवण अळणी मिळणार, एवढं शहाणपण त्यांना आहे.

आज तीच नक्षी नव्या फळीवर पुन्हा लावली होती. तितक्या रुंदीची घरात होती ती शेवटची. दोघे भाऊ दारं बसवायला गेले होते. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. शेवटच्या दोन पक्ष्यांवर काम चालू असताना भिंतीकडच्या कोपऱ्यातून टकटक ऐकू यायला लागली. फळी तिथे हलत होती. फळी दाबून धरणारी लोखंडी पट्टी सैल झाली होती. तिच्याखालचा आधाराचा ठोकळा सरकला असणार.

मी पिवळं दाबलं. पूल थांबला, बिट वर उचललं गेलं. एरवी मी पूल पार बाजूला सरकवते आणि मगच हात घालते. पण काम एवढंसं राहिलं होतं आणि जागचं काही हलवायला मन धजत नव्हतं. मशीन बसवलं तेव्हा भावांनी ते भिंतीला चिकटवून बसवलं, म्हणाले, पाठीमागे जायचं काम काय? काम हे असं. मला फळीवर पोटावर आडवं पडून, पुलाखालून हात घालूनच त्या कोपऱ्यापर्यंत पोचावं लागतं. डाव्या हाताने मी ठोकळा जागेवर ढकलून धरला आणि उजव्या हाताने पाना फिरवून नट आवळला. आणखी आवळला. आपलंच काम फार चोख, ही घमेंड. ठोकळा कच्चकन फिरला, पट्टी खाली बसली, आणि माझी दोन बोटं ठोकळा आणि टेबल यांच्यामध्ये गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

ओरडले असणार मी, पण मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पाना हातातून उडाला, भिंतीवर आपटला आणि टेबलाच्या मागे खाली पडला. मी उजव्या हाताने नट फिरवून बघितला. पान्याने आवळलेला नट बोटांनी कसा सुटणार? ठोकळा ढकलला, पट्टी उचलायला गेले, काहीच हललं नाही. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही पेरापर्यंत आत. कळ खांद्यापर्यंत चढली. डोळ्यांतून पाणी येऊन फळीवर पडलं, आणि पहिला विचार काय यावा, तर लाकडाला डाग पडेल.

मग मी मान वर केली. बिट माझ्या कोपराच्या बरोबर वर होतं, वीतभर अंतरावर. ज्या जागेवरून उठलं होतं त्या जागेवर आता माझा हात होता, आणि पुढची रेघही त्याच हातावरून जाणार होती. मशीन बंद नव्हतं. ते फक्त थांबलं होतं. दारापाशी हिरव्या बटणाचा दिवा लुकलुकत असणार, दाबा म्हणत. त्या दिव्यापलीकडे वहिनी बसल्या होत्या, ज्यांना थांबलेलं मशीन बघवत नाही.

भुसा ओढणारा मोठा पंखा चालूच होता. होल्डवर तो थांबत नाही. त्याच्या घोंघाटातून पॉलिश पेपरची घसघस पुसट ऐकू येत होती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये धूळ अडवायला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा सोडलेला आहे. वर्षानुवर्षांच्या भुशाने तो इतका धुरकट झालाय की पलीकडून बघणाऱ्याला माझे पाय दिसले असते तर दिसले असते. पण फळीवर पालथं पडून रेघा तपासणं हे माझं रोजचंच.

मी ओरडले, "अहो, कोणी आहे का?"

लाज वाटते सांगायला. बोटं चेपलेली, डोक्यावर बिट, तरी "वहिनी" हा शब्द तोंडातून निघेना. आधी कोण बोललं हे आमच्या घरात पुढे वर्षभर निघतं.

घसघस थांबली. मग पंख्याच्या आवाजावरून वहिनींचा खणखणीत आवाज आला. "भिंती, कोणी आहे का विचारतायत गं. सांग, कोणी नाही. मी काय माणूस आहे?"

आणि पुन्हा घसघस.

थांबावं तर बोटांचं काय होतंय कळत नव्हतं. ओरडावं तर त्या उठणार, आणि उठून कुठे येणार? बटणांपाशीच येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोटांत ठणका होता, तो हळूहळू कमी झाला. बरं वाटलं मला. आता सहन होतंय असं वाटलं.

घसघस पुन्हा थांबली. स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग चपला. वहिनी उठल्या होत्या. मशीन फार वेळ गप्प होतं.

"वहिनी!" मी किंचाळले.

चपला थबकल्या. प्लॅस्टिकच्या पडद्यापलीकडे त्यांची सावली दिसली, रुंद, कमरेवर हात ठेवलेली. बरोबर बटणांच्या समोर.

"काय?"

"मला सोडवा! वहिनी, सोडवा!"

मी "सोडवा" म्हटलं होतं. मधला "व" त्या पंख्याने गिळला. त्यांना ऐकू गेलं "सोडा". पुढचं सगळं त्या एका अक्षराने झालं.

सावली तशीच उभी राहिली. मग कमरेवरचे हात खाली आले, आणि वहिनी बोलल्या. "सोडा? अगं, सोडा म्हणायला एवढे दिवस लागले तुला?"

मला कळेचना त्या कशाबद्दल बोलतायत. मग कळलं. त्यांना वाटलं, मी भांडण सोडा म्हणतेय.

"तसं नाही! अहो, ऐका..."

"आता मध्ये बोलू नकोस. तू बोललीस ना त्या दिवशी? परक्या माणसासमोर बोललीस. मी ऐकून घेतलं. आता मला बोलू दे."

"वहिनी, पाया पडते..."

"पाया कशाला पडतेस? चार शब्द नीट बोललीस तरी पुरे. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. तुझा नवरा म्हणाला, हिला मशीन शिकवू. सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, शिकू दे, घरातलं सगळं मी बघते. खरं की नाही, सांग."

"खरं आहे! पण..."

"मग? धुराचा वास आला तर माणूस काय करेल? आत तू असतीस तर? तू बाजारात गेलीस हे मला कोण सांगणार, भिंत? मला वाटलं तू आत आहेस. म्हणून मी दाबलं. फळीसाठी दाबलं नाही, मशीनसाठी दाबलं नाही. आणि तू म्हणतेस, जळून खाक झालं तरी दाबू नका."

मला हे माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. फळीवर गाल टेकवून, तोंडात भुसा जात असताना मी ते ऐकलं आणि मला रडू कोसळलं. बोटांसाठी की कशासाठी, ते सांगता येणार नाही. पंख्याच्या आवाजात रडणंही पलीकडे पोचत नव्हतं.

वहिनींचा आवाज जरा खाली आला. "जाऊ दे. मी मोठी आहे, मलाच मन मोठं केलं पाहिजे." मग एक मोठा सुस्कारा. "चल. सोडलं."

मला एवढंच ऐकू आलं. सोडलं.

मी डोळे गच्च मिटले. बिट एकदम फिरत नाही. आधी बारीक गुणगुण होते, मग ती चढत चढत शिट्टी होते, मग बिट खाली येतं. रोज ऐकलेलं आहे. मी कोपर जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. बोटं तिथेच राहिली. मी दात आवळले आणि त्या गुणगुणीची वाट बघत पडून राहिले.

ती आलीच नाही. आला वहिनींचा रोजचा, कामातला, मोकळा आवाज. "आणि हे पण सोडू का गं?"

"नको! नको, नको, वहिनी, हात लावू नका! तांबडं दाबा! तांबडं!"

सावली मागे सरली. "तांबडं?"

"हो! तांबडं!"

"नाही हं." आवाज पुन्हा ताठ झाला. "परीक्षा बघतेस होय माझी? आत्ता कुठे बोलायला लागले तर लगेच? तूच म्हणालीस ना, जळून खाक झालं तरी? मी तांबड्याला हात लावणार नाही. नवऱ्याची शपथ घालून घेतलीय मी."

माझेच शब्द, आणि तेच आता मला घेरून उभे. आता ओरडून उपयोग नव्हता. ओरडलं की त्यांना मी नेहमीची वाटत होते. मी श्वास घेतला आणि एकेक शब्द तोडून, जेवढं मोठ्याने म्हणता येईल तेवढं म्हटलं.

"वहिनी. माझा हात. अडकलाय. मशीनखाली. मला भीती वाटतेय."

मग पंख्याचा आवाज बसायला लागला. बसत बसत गेला. वरच्या मोटरमधला दिवा विझला. कारखान्यात इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली ती ऐकू आली.

प्लॅस्टिकच्या पट्ट्या फटाफट वाजल्या आणि वहिनी आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, बिटाकडे पाहिलं. बोटाने त्या वीतभर अंतरात हवेत काहीतरी मोजलं. त्यांच्या तोंडचा रंग उडाला.

"अगं बाई. मी हिरव्यावर बोट ठेवलं होतं गं. ठेवलंच होतं."

"पाना," मी म्हटलं. "टेबलाच्या मागे."

टेबलाखालून जायला वाट एवढीशी. वहिनी अंगाने भारी. गुडघे दुखतात म्हणून त्या जमिनीवर बसतसुद्धा नाहीत. त्या पालथ्या पडून भुशातून सरपटत गेल्या, खोकत, मला शिव्या देत, भिंतीला शिव्या देत, पाना घेऊन आल्या आणि माझ्यावरूनच आडव्या पडून त्यांनी नट सोडवला. पट्टी उचलली गेली. मी हात ओढला.

बोटं चपटी, पांढरीफटक. ठोकळ्याची कड उमटलेली. रक्त जवळजवळ नव्हतंच, आणि दुखतही नव्हतं. मला वाटलं, थोडक्यात निभावलं. जिवावरचं बोटांवरही गेलं नाही, मी म्हटलं आणि हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी अंगावरचा ऍप्रन काढून माझ्या हाताला गुंडाळला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. मी वळून फळीकडे बघितलं. एक पक्षी पुरा झाला होता. दुसऱ्याला अजून मान नव्हती.

वेल्डरने त्याची गाडी काढली. मी आणि वहिनी मागे बसलो. वाटेत मी बोलतच होते. तोंड थांबेना. इतक्या दिवसांचं साठलेलंही असेल.

"फळी हललेली नाही, वहिनी. म्हणजे वाचेल. आपण आल्यावर लगेच झीरो घेऊ, जागा पुन्हा शोधू. बिटाखाली पातळ कागद धरायचा आणि बिट खाली आणायचं, आणायचं, कागद सरकवत राहायचं. जिथे कागद किंचित अडतो ना, तिथे थांबायचं. तो अडला की बोटांना कळतं. बाकी कुणाला जमत नाही, यांनाही जमत नाही. हीच दोन बोटं लागतात."

"हो."

"एक बारीक रेघ राहील. मानेवर. तुम्ही घासाल ना?"

"घासीन. दिसणारसुद्धा नाही. तू हात वर धर."

"आणि कुणी विचारलं तांबडं कुणी दाबलं, तर मी सांगीन, मी सांगितलं दाबायला. सगळ्यांसमोर सांगीन. गिऱ्हाइकासमोर."

"बरं," वहिनी म्हणाल्या. हे "बरं" सोमवारचं नव्हतं. त्यांनी माझा दुसरा हात हातात घेतला. त्यांचे तळवे घासून घासून खरखरीत झालेत. तो खरखरीतपणा मला बरा वाटला.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण हात त्यांनी हळू उघडला. बोटं आता निळसर दिसत होती. त्यांनी ती वाकवून बघितली, नखं दाबून बघितली. हाडाचा फोटो काढू म्हणाले. मी विचारलं, "काम कधी सुरू करता येईल?" ते म्हणाले, "आधी एक बघू. डोळे मिटा. मी ज्या बोटाला हात लावीन, त्याचं नाव सांगायचं."

शाळेतला खेळ वाटला मला. मी डोळे मिटले.

"अंगठा," मी म्हटलं.

"छान."

"करंगळी. आता करंगळीच्या शेजारचं."

"छान."

मग डॉक्टर थांबले. कोणी बोलवायला आलं असेल, किंवा काही लिहीत असतील. दारापाशी नर्सच्या चपला वाजल्या आणि गेल्या. मी शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून बसून राहिले आणि मनात त्या दुसऱ्या पक्ष्याची मान पुरी करत होते. मशीन किती वेळात गरम होईल, कागद कुठल्या खणात आहे, सगळा विचार केला. तरी डॉक्टर सुरू करेनात.

माझ्या खांद्यावर वहिनींचा हात आला. त्या अगदी कानाशी वाकल्या, आणि त्यांचा आवाज मला ओळखूही आला नाही, इतका बारीक.

"अगं, सांग ना. कधीचे हात लावतायत ते."